किचन तोडायच्या आधी: मापं आणि स्केचबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डोंबिवलीत फर्निचरच्या कामात आहे, साइटवर जाऊन किचनची मापं घेणं आणि त्याचं ड्रॉइंग करणं हे माझं रोजचं काम. ओळखीतले, मग त्यांच्या ओळखीतले असे फोन आणि मेसेज सारखे चालू असतात आणि प्रश्न बहुतेक तेच तेच असतात, म्हणून सगळे इथे एकत्र लिहिते. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे येऊन गेलं असेल तर तिथे तो नंबर दिलाय.

१. कॉन्ट्रॅक्टर येऊन माप घेणारच आहे ना, मग मी कशाला टेप घेऊन बसू?

तो घेईलच, आणि काम त्याच्याच मापावर व्हायला हवं, ते बरोबरच आहे. पण तो येतो तेव्हा त्याच्या हातात वीस-पंचवीस मिनिटं असतात आणि तो भिंती मोजतो, तुमचा स्वयंपाक मोजत नाही. तुमची परात केवढी, पोळ्या कोण करतं, माठ कुठे असतो, हे त्याला कसं कळणार? शिवाय तुमच्याकडे मापांचा कागद तयार असेल तर तोच कागद तिघांना देऊन तीन कोटेशन मागता येतात. नाहीतर एकजण बारा फूट ओटा धरतो, दुसरा चौदा, आणि आपण नुसते खालचे आकडे बघून कुठला स्वस्त ते ठरवत बसतो.

२. माप घ्यायला काय काय लागतं?

५ मीटरचा स्टीलचा टेप, ग्राफ पेपर, पेन्सिल, खोडरबर, मोबाइलचा कॅमेरा आणि घरातलं अजून एक माणूस. बस. शिवणकामाचा कापडी टेप नको, तो ताणला जातो. लेझर मीटर असेल तर मोठ्या भिंतीला आणि उंचीला झकास, पण नळाचा पॉइंट किंवा खिडकीची चौकट मोजायला शेवटी टेपच लागतो. दुसरं माणूस का, तर दहा फुटांची भिंत एकट्याने मोजताना टेप मध्ये लोंबतो आणि आकडा जास्त येतो.

३. टेपच्या टोकाचा पत्रा हलतोय, टेप खराब झालाय का?

नाही, तो हलण्यासाठीच बनवलेला असतो! तो पत्रा जेवढा जाड असतो तेवढाच पुढेमागे सरकतो, म्हणजे कडेला अडकवून ओढलं काय किंवा भिंतीला टेकवून दाबलं काय, माप तेच यावं. मात्र टेप पडून पडून तो पत्रा वाकला असेल तर तो टेप बाजूला ठेवा. शंका असेल तर टोक सोडून द्या, १० सेंटीमीटरच्या रेघेपासून मोजा आणि शेवटी १० वजा करा (वजा करायचं विसरू नका, कागदावर आधीच "-१०" लिहून ठेवा). आणि दोन भिंतींच्या मधलं माप घेताना टेप कोपऱ्यात वाकवून अंदाजाने वाचू नका. टेपच्या डबीची लांबी बहुतेक वेळा डबीवरच छापलेली असते, डबीची पाठ भिंतीला टेकवायची, पट्टीवरचा आकडा वाचायचा आणि त्यात ती लांबी मिळवायची.

४. फूट-इंचात लिहू की मिलिमीटरमध्ये? आणि मिस्त्री ते "दोन सूत" म्हणतात ते काय?

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३ मिलिमीटर. ८ सूत म्हणजे १ इंच, ४ सूत म्हणजे अर्धा इंच. गवंडी, सुतार, ग्रॅनाइटवाला सगळे इंच-सुतात बोलतात, आणि मॉड्युलर किचनवाले, चिमणीवाले, हॉबवाले (हॉब म्हणजे ओट्यात बसवायची शेगडी) मिलिमीटरमध्ये. मी मिलिमीटरमध्ये घेते, कारण ८ फूट ३ इंच ५ सूत अधिक २ फूट ७ इंच ६ सूत ही बेरीज साइटवर उभ्या उभ्या हमखास चुकते आणि २५३० अधिक ८०६ चुकत नाही. मिस्त्रीला सांगताना भागायचं, १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. तुम्ही काहीही वापरा पण एका कागदावर एकच एकक ठेवा. एका घरी कागदावर "३०" असं लिहिलं होतं, लिहिणाऱ्याच्या मनात इंच होते आणि कापणाऱ्याने सेंटीमीटर धरले, ती अख्खी फळी फुकट गेली.

५. सुरुवात कुठून करायची? मला तर आत गेल्यावर काही सुचतच नाही.

आधी मोजू नका, आधी नुसतं चित्र काढा. दारात उभं राहा आणि वरून खोली बघितली तर कशी दिसेल तसा आकार ओबडधोबड काढा, दार, खिडकी, पिलर, ड्राय बाल्कनीचा दरवाजा सगळं दाखवा, प्रमाणाची काळजी आत्ता करायची नाही. मग दारापासून घड्याळाच्या दिशेने भिंतींना अ, ब, क, ड अशी नावं द्या. आता अ भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात टेपचं टोक लावा आणि तिथूनच सगळं मोजत जा: दाराची चौकट सुरू कुठे होते, संपते कुठे, स्विचबोर्ड कुठे, भिंत संपते कुठे. सगळे आकडे त्याच कोपऱ्यापासून. प्रत्येक तुकडा वेगळा मोजून बेरीज केली की दर तुकड्याला दोन-तीन मिलिमीटरची चूक साठत जाते आणि शेवटी अर्ध्या इंचाचा फरक पडतो.

मग उंच्या. फरशीपासून छत, फरशीपासून बीमचा खालचा भाग, लॉफ्टचा खालचा भाग, खिडकीची खालची कड, दाराची वरची कड. बीम लोक हमखास विसरतात आणि मग वरचं कपाट बसवताना ते अर्धा फूट कापावं लागतं.

६. एकाच भिंतीचं माप तीन ठिकाणी तीन आलं. खरं कुठलं?

तिन्ही खरी. भिंती सरळ नसतात, प्लास्टर हाताने केलेलं असतं, कुठे जाड कुठे पातळ, आणि पिलर-भिंतीच्या सांध्यापाशी तर फुगवटा असतोच. म्हणून प्रत्येक भिंत तीन उंचीवर मोजायची: फरशीलगत, ओट्याच्या उंचीला म्हणजे साधारण ३४ इंचावर, आणि वरची कपाटं येतील तिथे म्हणजे ५ ते ६ फुटांवर. तिन्ही आकडे लिहा. दोन भिंतींच्या मध्ये काहीतरी बसवायचं असेल तर सगळ्यात लहान आकडा धरायचा, उरलेल्या जागेला पट्टी लावता येते, पण जास्त झालेलं खोकं आत जात नाही.

एका किचनमध्ये खाली ८ फूट २ इंच, ओट्यावर ८ फूट १ इंच २ सूत आणि वर ८ फूट अर्धा इंच असं आलं होतं. दीड इंचाचा फरक, डोळ्याला अजिबात दिसत नव्हता, भिंत एकदम गुळगुळीत पुट्टी मारलेली. खालच्या मापावर वरची कपाटं केली असती तर ती जिन्यातच राहिली असती.

७. कोपरा काटकोनात आहे का ते घरच्या घरी कसं बघू?

कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर खूण, दुसऱ्या भिंतीवर ४ फुटांवर खूण, दोन्ही खुणा एकाच उंचीवर. आता त्या दोन खुणांमधलं सरळ अंतर मोजा. ५ फूट आलं तर कोपरा काटकोनात. जास्त आलं तर कोपरा उघडा, कमी आलं तर मिटलेला. गवंड्याकडे गुण्या असतो पण तो एक-दोन फुटांचाच, मोठ्या भिंतीला हा ३-४-५ चाच हिशोब बरा. एल आकाराचा ओटा असेल तर हे करायलाच हवं, नाहीतर ग्रॅनाइट भिंतीला लावल्यावर मागे पाचरीसारखी फट दिसते आणि ती डॅडोच्या, म्हणजे ओट्यामागे भिंतीवर लावतात त्या, टाइलने झाकता झाकत नाही.

८. फरशी लेव्हलमध्ये नाही असं वाटतंय. ओट्याची उंची कुठून मोजायची?

वाटतंय ते खरंच असेल. जुन्या किचनमध्ये कोपऱ्यात मोरी असायची, पाणी तिकडे जावं म्हणून फरशीला मुद्दाम उतार दिलेला असतो. ते बघायला लेव्हल पाइप वापरतात, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर थांबतं. आत हवेचा बुडबुडा नको, नाहीतर सगळं चुकतं. एका भिंतीवर फरशीपासून बरोबर १ मीटरवर खूण करा, नळीने तीच पातळी चारही भिंतींवर न्या, आणि मग प्रत्येक खुणेपासून खाली फरशीपर्यंत मोजा. जिथे १ मीटरपेक्षा कमी आलं तिथे फरशी वर आलेली आहे. ओट्याची उंची त्या सगळ्यात वर आलेल्या जागेपासून धरायची, बाकीकडची फट खालच्या स्कर्टिंगमध्ये, म्हणजे कपाटांच्या तळाशी लावतात त्या पट्टीत, जाते.

आणि फरशी बदलणार असाल तर हे आत्ताच कागदावर लिहा. जुन्या टाइलवरच नवीन टाइल लावली तर फरशी अर्धा-पाऊण इंच वर येते, म्हणजे ओटा तेवढा बुटका होतो आणि दार खालून घासायला लागतं.

९. मला चित्रकला अजिबात येत नाही, स्केच जमेल का?

जमेल, यात चित्रकला नाही, चौकोन मोजायचे आहेत. शाळेचा ग्राफ पेपर घ्या, प्रमाण १:२० ठेवा, म्हणजे कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे खरे २ सेंटीमीटर. दहा फुटांची भिंत म्हणजे ३०५ सेंटीमीटर, ती कागदावर सव्वापंधरा सेंटीमीटर होते, साध्या पानावर आरामात बसते. मग फ्रीज, सिंक, गॅस, वॉशिंग मशीन यांचे त्याच प्रमाणात कागदाचे तुकडे कापा आणि प्लॅनवर सरकवून बघा. हे मुलांबरोबर बसून करा, त्यांना मजा येते आणि घरातल्या सगळ्यांची मतंही तेव्हाच बाहेर येतात. ग्रॅनाइट कापून झाल्यावर येण्यापेक्षा तेव्हा आलेली बरी!

१०. वरून दिसणारा प्लॅन काढला. मग प्रत्येक भिंतीचं समोरचं चित्र वेगळं का मागतात?

कारण भांडणं सगळी उंचीवर होतात. प्लॅनमध्ये खिडकीखाली सिंक छान दिसतं, पण खिडकीची खालची कड ३ फुटांवर आहे आणि तुमचा नळ त्याच्या वर जातोय हे प्लॅनमध्ये दिसतच नाही. म्हणून भिंतीसमोर सरळ उभं राहायचं आणि समोर जे दिसतं ते काढायचं: ओट्याची रेघ, डॅडो, खिडकी, बोर्ड, नळ, बीम. एका भिंतीला एक पान. सगळ्या उंच्या फरशीपासून, सगळी आडवी अंतरं डाव्या कोपऱ्यापासून.

११. खिडकीची कुठली कुठली मापं लागतात?

रुंदी, उंची, खालची कड फरशीपासून किती, दोन्ही बाजूंनी कोपऱ्यापर्यंत किती, आणि ती उघडते कशी. सरकती असेल तर प्रश्न नाही. आत उघडणारी पल्ल्याची असेल तर पल्ला नळाला अडतो, तेव्हा पल्ल्याची रुंदीही लिहा. एक्झॉस्ट फॅनचं भोक असेल तर त्याचं माप आणि मध्य. ग्रिल बाहेर काढलेलं असेल तर तिथे काय ठेवता तेही लिहा, कारण बऱ्याच घरांत तुळस किंवा ओली भांडी तिथेच असतात आणि त्यावरून हात कुठे पोचायला हवा ते ठरतं.

१२. नळ, ड्रेनेज आणि लाइटचे पॉइंट कसे दाखवायचे?

प्रत्येक पॉइंटचा मध्य धरायचा आणि दोन आकडे लिहायचे: कोपऱ्यापासून किती, फरशीपासून किती. थंड पाणी, गरम पाणी, फिल्टरचं पाणी, सिंकचं आउटलेट, नहाणीची जाळी, सगळं. ड्रेनेजचं माप सगळ्यात महत्त्वाचं, कारण नळ इकडेतिकडे नेता येतो पण सांडपाण्याला उतार लागतो, सिंक जेवढं लांब न्याल तेवढा पाइप खाली उतरवायला लागतो आणि शेवटी तो फरशीला भिडतो. लाइटचे बोर्ड दाखवताना ६ अँपिअरचा सॉकेट कुठला आणि १६ चा कुठला हे लिहा, मिक्सर ६ वर चालतो पण ओव्हन, गीझरला १६ लागतो.

अजून एक, हे पुढे कामाला येतं: काम सुरू झालं आणि भिंती फोडून नवीन पाइप, वायरिंग टाकलं की टाइल लावायच्या आधी त्या उघड्या भिंतीचे टेप लावून फोटो काढा. दोन वर्षांनी भिंतीत खिळा ठोकताना तो फोटो तुमचा पाइप वाचवेल.

१३. गॅसचं काय? आमच्याकडे सिलिंडर आहे, पण पाइप गॅस येणार म्हणतायत.

दोन्हीची सोय स्केचमध्ये ठेवा. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर उभाच ठेवायचा, आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर हवी. सिलिंडर, त्यावर रेग्युलेटर लावून, स्वतः मोजा आणि आत-बाहेर करायला हात जाईल एवढी जागा धरा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो खाली साठतो, म्हणून सिलिंडरच्या कपाटाला खालच्या बाजूला जाळी हवी. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, तो वर जातो, त्याला वरून मोकळीक हवी, म्हणजे खिडकीचा वरचा भाग किंवा एक्झॉस्टचं भोक फर्निचरने बंद करू नका. ज्यांच्याकडे पाइप आधीच आहे त्यांनी मीटर आणि पाइप स्केचमध्ये दाखवावा आणि तो जिथे आहे तिथेच धरून चालावं. हलवायचा तर गॅस कंपनीच्याच माणसाकडून, प्लंबरकडून नाही, आणि तो पाइप भिंतीत किंवा टाइलमागे गाडायचा नाही.

१४. चिमणी किती उंचीवर येते? तिचं माप आत्ताच लागतं का?

लागतं. बहुतेक चिमण्या शेगडीच्या वर ६५ ते ७५ सेंटीमीटरवर लावतात, तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात नक्की आकडा असतो तोच पाळा. रुंदी ६०, ७५ किंवा ९० सेंटीमीटर येते. धूर बाहेर नेणारा पाइप साधारण ६ इंची असतो, त्यामुळे तो बाहेर कुठल्या भिंतीतून जाणार आणि मध्ये बीम येतोय का ते भिंतीच्या चित्रात (प्रश्न १०) दाखवा. बीमला भोक पाडायचं नाही, कोणी कितीही म्हणालं तरी.

१५. ओटा किती उंच ठेवावा? सगळे वेगवेगळं सांगतात.

हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं आणि यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. आमच्या घरी माझ्या लहानपणी किचन केलं तेव्हा मिस्त्रीने त्याच्या नेहमीच्या मापाने ३६ इंचाचा ओटा बांधला. आईची उंची ४ फूट १० इंच. आई पोळ्या करताना लाकडी पाटावर उभी राहायची, आणि तो पाट गॅसपासून सिंकपर्यंत पायाने सरकवत न्यायची. तो घासल्याचा आवाज मला अजून आठवतो. पंचवीस वर्षं तिने तसं केलं, खांदे दुखायचे, आणि कोणालाही वाटलं नाही की ओटा चुकलाय, सगळ्यांना वाटायचं आई बुटकी आहे.

तर, जो माणूस सगळ्यात जास्त स्वयंपाक करतो त्याला सरळ उभं करा, घरात जी चप्पल घालून काम करतात ती घालून, कोपर काटकोनात वाकवायला सांगा आणि फरशीपासून कोपरापर्यंत मोजा. त्यातून ४ ते ५ इंच वजा करा, ती ओट्याची उंची. ५ फूट १ इंच उंचीच्या बाईचं कोपर साधारण ३८ इंचावर येतं, म्हणजे ओटा ३३ ते ३४. ५ फूट ४ इंच असेल तर ३५-३६ सुद्धा चालतो. आईला खरं तर ३२ हवा होता.

त्यात दोन गोष्टी लक्षात घ्या. पोळी लाटताना, कणिक मळताना वरून जोर द्यावा लागतो, त्याला ओटा थोडा खालीच बरा. आणि साधी शेगडी ओट्यावर ठेवली की ती स्वतःच ४ ते ६ इंच उंच असते, त्यावर मोठा कुकर ठेवला की आत बघायला टाचा उंचवाव्या लागतात, हॉब ओट्यात बसवलेला असेल तर तो त्रास नाही. काही घरांत आम्ही पोळ्यांसाठी ओट्याचा एक दीड-दोन फुटांचा तुकडा दोन इंच खाली घेतलाय, ग्रॅनाइटला सांधा येतो, पण ज्या बायका तिथे रोज वीस-पंचवीस पोळ्या लाटतात त्यांना विचारा.

ही उंची तयार फरशीपासून ग्रॅनाइटच्या वरच्या कडेपर्यंत आहे हेही कागदावर स्पष्ट लिहा. ग्रॅनाइट १८ ते २० मिलिमीटर जाड असतो, म्हणजे जवळजवळ ६ सूत, आणि मिस्त्री कधी कधी खालच्या कडप्प्यापर्यंतची उंची धरतो.

१६. भांडीपण मोजायची? जरा अति नाही का होत?

नाही होत. ट्रॉलीच्या तारेच्या बास्केट ठरलेल्या मापात येतात, उंची ४, ६, ८ इंच, रुंदी १५, १७, १९, २१ आणि खोली बहुतेक २० इंच. शिवाय दोन्ही बाजूंच्या चॅनलना, म्हणजे बास्केट ज्यावर सरकते त्या पट्ट्यांना, मिळून एक इंच जातो, म्हणजे १७ ची बास्केट बसवायला आत १८ इंच मोकळी जागा लागते. आता तुमची पोळ्यांची परात १८ इंचाची असेल तर ती १७ च्या बास्केटमध्ये जाणार नाही, मग ती कायम फ्रीजच्या वर किंवा दारामागे उभी.

म्हणून एका दुपारी सगळी भांडी जमिनीवर काढा. सगळ्यात मोठं ताट, परात, मोठी कढई दांड्यासकट, मोठा कुकर झाकण लावून शिट्टीसकट, पिठाचा आणि तांदळाचा डबा, मोदकपात्र, सोऱ्या, पुरणयंत्र, दिवाळीत काढतो ती पातेली. प्रत्येकाची रुंदी आणि उंची. रोज लागणारं कुठलं, आठवड्याने लागणारं कुठलं आणि वर्षातून दोनदा लागणारं कुठलं हे बाजूला लिहा, कारण वर्षातून दोनदावालं सगळं लॉफ्टवर जातं आणि लॉफ्टची मापं त्यावरून ठरतात. घरघंटी असेल तर ती, माठ किंवा पिंप असेल तर ते, आणि देवघर किचनमध्येच असेल तर तेही उंची-रुंदीसकट स्केचवर आलंच पाहिजे. देवघराची जागा शेवटी "बघू" म्हणून सोडली की ते हमखास मिक्सरच्या वर येतं.

१७. फ्रीजला किती जागा ठेवायची?

तुमच्या फ्रीजची रुंदी अधिक कंपनीने सांगितलेली मोकळी जागा, आणि दार पूर्ण उघडेल एवढी बाजूला मोकळीक. फ्रीज भिंतीच्या कोपऱ्यात कोंबला की दार पूर्ण उघडत नाही आणि आतला भाजीचा ड्रॉवर बाहेर येत नाही. पुढे साइड-बाय-साइड घ्यायचा विचार असेल तर तो साधारण ९१ सेंटीमीटर रुंद असतो, तेवढी जागा आत्ताच ठेवा. आणि येण्याची वाट मोजा: इमारतीचा जिना, लिफ्ट, घराचं दार, पॅसेज, किचनचं दार. ग्रॅनाइटलाही हेच. आठ फुटांचा अखंड तुकडा लिफ्टमध्ये जात नाही, जिन्याच्या वळणावर फिरत नसेल तर सांधा कुठे द्यायचा ते आधी ठरवावं लागतं.

१८. बिल्डरने दिलेला प्लॅन आहे, त्यावरून काम होईल ना?

अंदाजासाठी हो, कापण्यासाठी नाही. प्लॅनवरची मापं बऱ्याचदा प्लास्टर आणि टाइलच्या आधीची असतात. दोन्ही बाजूंना मिळून एक ते दीड इंच सहज कमी होतो, आणि किचनमध्ये तेवढ्यावर ट्रॉली बसते किंवा अडते. कार्पेट एरियाच्या आकड्यावरूनही किचनची मापं काढू नका, २०१६ च्या रेरा कायद्यातल्या कार्पेट एरियात घराच्या आतल्या भिंतींची जाडी धरलेली असते.

१९. किचन आणि हॉलमधली भिंत काढून ओपन किचन करायचंय, स्केचमध्ये ती भिंत दाखवू की नको?

दाखवा, जाडीसकट. दाराच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी मोजता येते, साधारण साडेचार इंचाची असेल तर बहुतेक वेळा नुसती पार्टिशनची असते, ९ इंचाची असेल तर शंका घ्या. पण जाडीवरून निर्णय घेऊ नका. अलीकडच्या बऱ्याच टॉवरमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून भिंती केलेल्या असतात, मिस्त्री त्याला मिवान म्हणतात, त्या पातळ असल्या तरी इमारतीचं वजन घेतात, त्यात साधी वायरिंगची खाच पाडायलाही विचारावं लागतं. भिंतीला हात लावायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरचं लेखी आणि सोसायटीची परवानगी घ्या.

२०. माप जुनं किचन असताना घ्यायचं की तोडल्यावर?

दोन्ही वेळा. आधी घेतलेलं माप कोटेशनसाठी आणि ठरवण्यासाठी. तोडल्यावर जुना डॅडो निघतो, भिंत पाऊण-एक इंच मागे जाते, ओट्याखाली लपलेला पाइप दिसतो, कधी कधी पिलरचा एक कोपराच नव्याने सापडतो. ट्रॉल्या आणि ग्रॅनाइटचं माप नवीन टाइल लागल्यानंतरच फायनल करा.

२१. एल ओट्याचं रनिंग फूट आमच्या हिशोबात आणि त्यांच्या बिलात वेगळं येतंय.

कोपरा दोनदा धरला असणार. समजा एक बाजू ८ फूट, दुसरी ६ फूट, ओटा २ फूट रुंद. भिंतीने मोजलं तर १४ फूट होतात आणि १४ गुणिले २ म्हणजे २८ स्क्वेअर फूट दिसतात. पण कोपऱ्यातला २ बाय २ चा चौकोन दोन्ही बाजूंत आलाय. खरा दगड ८ गुणिले २ म्हणजे १६, अधिक ६ मधून २ वजा करून ४ गुणिले २ म्हणजे ८, एकूण २४ स्क्वेअर फूट. आणि पुढच्या बाजूने शटर लागतात ती लांबी तर ६ अधिक ४, दहाच फूट. चूक कोणाचीच नाही, मोजायची पद्धत वेगळी, म्हणून दर ठरवतानाच विचारा की रनिंग फूट भिंतीकडून, मधून की पुढून. कडेचं मोल्डिंग, सिंकचं कटिंग आणि वाया जाणारा दगड वेगळे लावतात, तेही आधीच लिहून घ्या.

२२. आम्ही बाहेरदेशी असतो, फ्लॅट पुण्यात. व्हिडिओ कॉलवर मापं घेता येतील?

स्केच काढण्यापुरती येतील. तिकडे जो नातेवाईक जाईल त्याला प्रश्न ५ ते १२ वाचायला द्या, आणि प्रत्येक भिंतीवर ए-फोरचा कोरा कागद चिकटवून समोरून सरळ फोटो काढायला सांगा. तो कागद २१० बाय २९७ मिलिमीटर असतो, त्यावरून बाकीचा अंदाज ताडून बघता येतो. टेपचा आकडा फोटोत वाचता आला पाहिजे, नुसतं "साडेसात" असं तोंडी नको. आणि तिकडच्या सवयीने इकडचं ठरवू नका. अमेरिकेत ओटा ३६ इंचाचा ठरलेला आणि तयार कॅबिनेटची रुंदी ३-३ इंचाच्या टप्प्याने येते, इथे सुतार हव्या त्या मापाचं करतो, तेव्हा इथे आईबाबा राहणार असतील तर प्रश्न १५ प्रमाणे त्यांचं कोपर मोजा.

२३. जुना वाडा आहे, भिंती दीड-दोन फूट जाड आणि एकही सरळ नाही. यातलं काही लागू होतं का?

सगळं होतं, फक्त भिंतीला आधार धरता येत नाही. खोलीच्या मधून एक दोरी ताणून बांधा, लेव्हल पाइपने तिची पातळी बघा, आणि दर एक फुटावर दोरीपासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजून ग्राफवर ठिपके द्या. ठिपके जोडले की भिंतीचा खरा आकार मिळतो. खोलीचे दोन्ही कर्ण पण मोजा. आणि असल्या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटलेलं फर्निचर करूच नका, दोन्हीकडे दोन इंच सोडून सुटी कपाटं करा. जाड भिंतीतले कोनाडे बुजवू नका, मिठाच्या बरणीला, दिव्याला त्याच्यासारखी जागा नाही, त्यांची खोली-रुंदी मात्र स्केचमध्ये लिहा.

२४. कॉन्ट्रॅक्टरचं माप आणि माझं माप जुळत नाहीये. आता?

वाद घालायचा नाही, दोघांनी मिळून तीच भिंत त्याच टेपने परत मोजायची, तो टोक धरेल तुम्ही आकडा वाचा, मग उलट. बहुतेक वेळा दोघांनी वेगळ्या उंचीवर मोजलेलं असतं (प्रश्न ६) किंवा एकाने टाइलपासून आणि एकाने भिंतीपासून. जो आकडा पक्का होईल तो ड्रॉइंगवर लिहा, तारीख टाका, दोघांनी सही करा, आणि त्याचा फोटो तुमच्या मोबाइलमध्ये ठेवा. दुकानातून ट्रॉल्या कापायला जायच्या आदल्या दिवशी तेच ड्रॉइंग परत मागून घ्या आणि ओट्याची उंची, खिडकीची कड, सिंकचं आउटलेट आणि फ्रीजची जागा हे चार आकडे पुन्हा एकदा भिंतीवर टेप लावून बघा.